तवशाचे बी

रोमचा सम्राट तिबेरियस याला काकडीवाचून एक दिवसही चालत नसे, ही हकीकत बागकामाच्या इंग्रजी पुस्तकांत हटकून भेटते. सांगणारा साक्षीदार लहानसहान नाही. थोरल्या प्लिनीने आपल्या निसर्गेतिहासाच्या एकोणिसाव्या खंडात ती नोंदवली आहे. बादशहाच्या माळ्यांनी चाकांवरचे वाफे तयार केले होते. ऊन येईल तिकडे ते ढकलत न्यायचे, आणि थंडीच्या दिवसांत मागे ओढून त्यांवर पारदर्शक दगडाची तावदाने घालायची, असा त्यांचा क्रम. काचघराची ही आद्य कल्पना म्हणायला हरकत नाही. हकीकत सारी खरी धरून चालू. अडचण एवढीच आहे की, तिबेरियस जे आवडीने खात होता ती काकडी नव्हती.

हे विधान मी पुस्तकांच्या जोरावर करतो आहे तसेच परसातल्या मांडवाच्या जोरावरही करतो आहे. पोटासाठी मी इतिहास शिकवला आणि हौसेसाठी पुण्यातल्या घरामागच्या चिंचोळ्या जागेत गेली तीसएक वर्षे काकड्या, वाळके आणि सॅलडचा पाला लावला. सगळे बियांपासून. तयार रोपे आणण्यात मला कधी गोडी वाटली नाही. बी रुजताना जे पाहायला मिळते तेच तर या कामातले खरे सुख. पुढे पुढे असे होऊ लागले की, दुपारी ग्रंथात वाचलेली गोष्ट संध्याकाळी वेलापाशी उभे राहून ताडून पाहावी. ग्रंथ आणि वेल यांचे भांडण लागले तर वेलाचे म्हणणे आधी ऐकावे, असा माझा शिरस्ता आहे.

भांडणाचे मूळ नावांत आहे. माझी सूनबाई इंदूरची. मराठीच, पण तिच्या बोलण्यात माळव्याचे शब्द असतात. लग्नानंतर प्रथम आमच्याकडे आली तेव्हा मी तिला सांगितले, "परसातून दोन काकड्या तोडून आण बरे." ती रिकाम्या हाताने परत आली. म्हणाली, "बाबा, तिथे ककडी नाही, खीरा आहे." तिचे बरोबर होते. हिंदी मुलखात खीरा म्हणजे आपली काकडी, आणि ककडी म्हणजे ती लांब, वाकडी, अंगावर शिरा असलेली उन्हाळी. ती जातीने खरबूज-चिबडाच्या घरातली. आमच्या देशावर त्या घराण्यातले वाळूक आहेच. माझी आई रत्नागिरीकडची. ती काकडीला तवसे म्हणे, आणि गोव्यातही हाच शब्द चालतो. तवसे आले संस्कृतातील त्रपुसावरून, काकडी आली कर्कटीवरून. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्रपुस, एर्वारु, कर्कारु अशी निरनिराळी नावे आहेत, म्हणजे त्या वैद्यांना ही फळे वेगवेगळी ठाऊक होती. गोंधळ मागाहून झाला. एकाच देशात दोन शेजारी भाषांत जर नाव एका वेलावरून दुसऱ्या वेलावर उडी मारू शकते, तर लॅटिनमधला 'कुकुमिस' इंग्रजीत 'कुकुंबर' होऊन बसला यात नवल ते काय?

आता वेलाकडे जाऊ. काकडी आणि चिबूड यांचे वेल एकमेकांशेजारी लावून पाहावेत. काकडीचे पान कोनाकोनांचे, टोकदार. चिबडाचे वाटोळे, कानाच्या पाळीसारखे. काकडीचे कोवळे फळ काटेरी पुटकुळ्यांचे असते, बोटाला टोचते. चिबूड-वाळकाच्या जातीचे कोवळे फळ मात्र मखमलीसारख्या लवेने झाकलेले असते. ही लव लक्षात ठेवायची. इ. स. २००च्या सुमारास सिद्ध झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात 'किशुईम' नावाच्या फळावरची लव खाण्यापूर्वी चोळून काढण्यासाठी एक स्वतंत्र क्रियापद आहे. हेच किशुईम मोशेबरोबर रानात निघालेल्या इस्रायली लोकांना मिसरच्या आठवणीने छळत होते, आणि बायबलाच्या भाषांतरकारांनी त्यांना काकड्या करून टाकले. काकडीला चोळून काढण्याजोगी लव नसते. हॅरी पॅरिस, ज्यूल्स जॅनिक प्रभृती संशोधकांनी २००७ साली भूमध्य समुद्राभोवतालची जुनी चित्रे, शिल्पे आणि ग्रंथ पिंजून काढून असा निर्वाळा दिला की, प्राचीन रोमन आणि मिसरी लोकांपाशी काकडी नव्हतीच. त्यांची ती सर्पाकार लांब वाळके. तिबेरियसही तेच खात होता.

हाच कस आपल्या घरच्या एका शब्दालाही लावून पाहावा असे मला फार दिवस वाटत होते. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मृत्युंजयाच्या ऋचेत 'उर्वारुक' येतो. पिकलेले फळ देठापासून सुटते तसे मृत्यूच्या बंधनातून सुटू दे, अशी ती प्रार्थना. भाषांतरांतून तिथे बहुधा काकडीच दिसते. पण काकडी पिकली म्हणून देठापासून सुटत नाही! ती वेलावर पिवळी होते, तांबूस होते, वेल वाळून गेला तरी लोंबकळत राहते. तिला विळीनेच कापावे लागते. देठाशी आपोआप चीर पडून अलगद सुटतो तो चिबूड. एक दिवस सकाळी पाहावे तो वेल जागच्या जागी आणि फळ जमिनीवर, आणि साऱ्या परसात घमघमाट सुटलेला. ज्या ऋषीला ही उपमा सुचली त्याने ते सुटणे डोळ्यांनी पाहिले असले पाहिजे. मृत्यू यावा तर असा, ओढाताण न होता, हे मागणे काकडीच्या देठाला मुळीच शोभत नाही. वैदिक मंडळींनी माझ्या या अर्थावर रागावू नये. मी ऋचेला काही बाध आणीत नाही, उलट तिचा कवी चांगला निरीक्षक होता एवढेच म्हणतो.

मग काकडी कुठली? ती इथलीच. रोमला नव्हती, मिसरला नव्हती, पण हिमालयाच्या पायथ्याशी तिची रानटी आई आजही सापडते. सहारनपूरच्या सरकारी बागेचा प्रमुख राहिलेल्या फॉर्ब्स रॉइलने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिचे वर्णन केले आणि हार्डविक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याचे नाव तिला दिले. फळ अंड्याएवढे आणि कडू विष. अल्फोन्स द कँडोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८२ साली लागवडीच्या वनस्पतींच्या मूळस्थानांवर ग्रंथ लिहिला, त्यात काकडी भारतात निदान तीन हजार वर्षे लावली जात आहे असे मत दिले. त्याच्यापाशी पुरावा मुख्यतः शब्दांचा होता. २०१३ साली ११५ काकड्यांचे जनुकलेख एकमेकांशेजारी मांडण्यात आले तेव्हा सर्वांत जास्त वैविध्य भारतीय वाणांत आढळले. चीनच्या आणि युरोपच्या काकड्या या मोठ्या घरातून वेगळ्या निघालेल्या भावांसारख्या. थोडेथोडे सामान बांधून घेऊन गेलेल्या.

कडूपणा गेला तो माणसाच्या निवडीने. ज्याचे फळ गोड लागले त्याचे बी राखले, कडू निघाले त्याचे गुरांपुढे टाकले, हे काम शेकडो पिढ्या चालले. अजूनही उन्हाचा ताण पडला की एखादी काकडी आपली जुनी ओळख दाखवते. देठाकडचा तुकडा कापून तोच त्या जागी चोळून फेस काढायचा, हा उपाय घरोघर आहे. फेस काढण्याने किती गुण येतो देव जाणे. पण कडवटपणा देठाकडे जास्त असतो हे खरे, म्हणून निदान तो तुकडा टाकण्यात शहाणपण आहे.

इथून ती पश्चिमेला निघाली ती रोमन साम्राज्य मोडल्यावर. दोन वाटांनी गेली, असे याच संशोधकांचे पुढचे म्हणणे. एक वाट इराणवरून खुष्कीने पूर्व युरोपात, आणि दुसरी अरबांबरोबर समुद्राने अंदलुसियात. रशियात आणि पोलंडात ती खारवण्याच्या पिपांत जाऊन बसली. इंग्लंडात मात्र तिचे स्वागत बेताचेच झाले. सॅम्युएल पेपीसच्या रोजनिशीत ऑगस्ट १६६३मध्ये काकड्या खाऊन एक गृहस्थ मेल्याची नोंद आहे, आणि अशाच दुसऱ्या एका मृत्यूची कुणकुणही. १६९९ साली जॉन एव्हलिनने कच्च्या भाज्यांवर 'असेटारिया' नावाचे पुस्तक काढले. त्यात तो सांगतो की, आपल्याच आठवणीत लोक काकडीला विषासमान मानीत. पुढे त्याच इंग्रजांनी तिचे असे वेड घेतले की, आगगाडीचा जनक जॉर्ज स्टीफन्सन म्हातारपणी चेस्टरफील्डजवळच्या आपल्या बागेत काकड्या सरळ वाढाव्यात म्हणून काचेच्या नळ्या वापरू लागला. रूळ सरळ टाकणाऱ्याला वाकडी काकडी पाहवली नसावी. कोवळे फळ ज्या साच्यात घालावे त्या आकाराचे होते, हे प्लिनीने आपल्या त्या वाळकांविषयी अठराशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवले होते.

एव्हलिनच्या पुस्तकात काकडीशेजारी ताटात आहे लेट्यूस, म्हणजे आपण ज्याला सॅलडचा पाला म्हणतो तो. याचा प्रवास नेमका उलटा आहे. २०२१ साली ४४५ नमुन्यांच्या जनुकलेखांवरून असे दिसले की, त्याची पहिली लागवड काकेशसच्या आसपास सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी झाली, आणि तीही पाल्यासाठी नव्हे, बियांसाठी. बी झाडावरून गळून जाऊ नये हा गुण माणसाने त्यात प्रथम निवडला. बियांचे तेल काढीत असत. मिसरमध्ये कर्नाक येथे पहिल्या सेनुसरेतच्या पांढऱ्या मंडपावर, म्हणजे सुमारे ३,९०० वर्षांपूर्वी, मिन देवापाशी लेट्यूसची उंच टोकदार झाडे कोरलेली आहेत. झाड मोडले की दुधासारखा चीक येतो, म्हणून ते प्रजननाच्या देवाचे झाड झाले. लॅटिन नावातही ते दूध आहे. ग्रीकांचे मत अगदी उफराटे. त्यांच्या कथेत लेट्यूस मरणाचे आणि नपुंसकतेचे लक्षण. अथेन्सच्या बायका भर उन्हाळ्यात अदोनिसच्या उत्सवात फुटक्या खापरांत लेट्यूस आणि बडीशेपेसारख्या वनस्पतीचे बी पेरीत, शिडीने ती खापरे छपरावर नेत, आणि कोवळे अंकुर चार दिवसांत करपून गेले की अकाली मेलेल्या त्या देवासाठी शोक करीत. आपण नवरात्रात घटाभोवती धान्य पेरतो आणि दसऱ्याला ते कोंब टोपीत खोवतो. पेरणे तेच, पण तिकडे रडण्यासाठी आणि इकडे मिरवण्यासाठी. रोमन लोकांनी वाद मिटवला तो खाऊन. इ. स. पूर्व २३मध्ये ऑगस्टस मरणाच्या दारी होता. त्याला अंतोनियस मूसा या वैद्याने वाचवले ते लेट्यूस खाऊ घालून, असे प्लिनी सांगतो. इतर इतिहासकार श्रेय थंड पाण्याच्या स्नानांना देतात. असो.

भारतात लेट्यूस प्रथम आला तो ताटात नव्हे, औषधाच्या पुडीत. युनानी हकिमांचे 'तुख्म-ए-काहू' म्हणजे त्याचेच बी. झोप येण्यासाठी देत. काष्ठौषधीच्या जुन्या दुकानांत काहूचे बी अजून मिळते. पाला म्हणून त्याचा बडेजाव वाढला तो गोऱ्या साहेबांबरोबर. विल्यम केरीने १८२० साली कलकत्त्यात बागायतीची संस्था काढली, पुण्याला पश्चिम भारतासाठी तशीच संस्था १८३०मध्ये निघाली. एम्प्रेस गार्डन ज्यांच्याकडे आहे तीच ही. त्याच्या दोन वर्षे आधी, १८२८मध्ये, दापोडीला सरकारी वनस्पती-उद्यान झाले होते. विलायती भाज्यांचे बी दरसाल समुद्रापलीकडून मागवायचे, हे या काळापासून अंगवळणी पडले. सुवेझचा कालवा १८६९मध्ये उघडण्यापूर्वी गलबते आफ्रिकेला वळसा घालून येत. दमट तळघरातल्या त्या महिन्यांनी बियांचा जीव घेतला नाही तरच नवल. म्हणून पुढे ते हवाबंद डब्यांतून येऊ लागले. माळी इथला, माती इथली, पाणी इथले. बी तेवढे रेडिंगहून किंवा केपहून.

बी दरवर्षी बाहेरून का आणावे लागे? साहेबाचा हट्ट हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे त्या बियांतच आहे. लेट्यूसचे बी उष्णतेत झोपी जाते. पंचवीस-तीस अंशांच्या पलीकडे पारा गेला की ओलीत असूनही ते रुजत नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात पेरणाऱ्याला वाटते बी जुने निघाले. ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस माठाच्या गारव्याला ठेवावे, मग पेरावे. आणि पुरू नये. नुसते मातीवर भुरभुरावे, कारण त्याला उजेड लागतो. ही माळ्यांची जुनी खूण. तिच्यामागचे रहस्य उलगडले १९५२ साली, अमेरिकेत बेल्ट्सव्हिल येथे. बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांचे सहकारी लेट्यूसच्या बियांवर आळीपाळीने तांबडा आणि अतितांबडा प्रकाश टाकीत होते. शेवटचा झोत तांबडा असला तर बी रुजे, अतितांबडा असला तर झोपून राही. मधे कितीही वेळा पालटा. वनस्पतींना दिवस-रात्र आणि ऋतू कळतात ते ज्या रंगद्रव्यामुळे, त्याचा शोध या क्षुद्र बियांनी लावून दिला. वर दुसऱ्या झाडाची हिरवी सावली असेल तर खाली पोचतो तो अतितांबडाच. मग शहाणे बी उठते कशाला?

रुजले, वाढले, थंडीभर पाने दिली, आणि शिमग्याच्या सुमारास ऊन चढले की झाड ताडकन उंच होते, फुलावर येते, पाने कडू जहर होतात. इथे गोम आहे. जे झाड सर्वांत आधी फुलावर येते त्याचेच बी सर्वांत आधी हाती लागते. ते राखावे तर पुढच्या वर्षी आणखी लवकर कडू होणारी संतती पदरात पडते. चांगले झाड राखायचे तर जे शेवटपर्यंत तग धरते त्याचेच बी धरायला हवे, आणि तोवर आपल्याकडे वैशाख पेटलेला असतो. काकडीचे असे नाही. बी धरायचे ते वेलावर मुद्दाम पिकू दिलेल्या उत्तम फळाचे, आणि काकडीला उन्हाचा धाक नाही. त्यामुळे एकाचे बी घरात राहिले आणि दुसऱ्याचे डब्यातून येत राहिले.

मध्येच हळिवाची गोष्ट सांगतो, कारण ती या हिशेबात बसत नाही. इंग्रज पोरे ओल्या फलाणीच्या तुकड्यावर जे 'क्रेस' रुजवून पावात घालून खातात, ते आपले हळीव. बी तेच. आपण त्याचा पाला कधी फारसा मनावर घेतला नाही. गूळ-खोबऱ्यात लाडू वळून बाळंतिणीला दिला. घोळीचेही तेच. एव्हलिनच्या ताटातली ती मानाची पालेभाजी, आणि आपल्याकडे बांधावरची. एकाच बियाचे एका ठिकाणी सॅलड होते, दुसऱ्या ठिकाणी लाडू. वनस्पतिशास्त्र याला उत्तर देणार नाही, इतिहासानेच दिले पाहिजे.

आईची रीत मला पाठ आहे. गणपतीच्या सुमारास मांडवावरचे सर्वांत चांगले तवसे ती हेरून ठेवी आणि त्याला फडक्याची चिंधी बांधी. त्याला कोणी हात लावायचा नाही. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही, कुदळी-खुरप्याने परसात पिकवलेलेच खायचे. त्या भाजीसाठी दुसरी तवशी असत, तवसोळीसाठीही असत, चिंधीचे मात्र वेलावरच पिवळे-तांबूस व्हायचे. नांगराआधीच्या हातशेतीची ही आठवण त्या व्रतात शिल्लक राहिली आहे, आणि ते बायकांचे व्रत आहे, हा योगायोग मला वाटत नाही. फळ पुरते पिकले की आतला गर दोन दिवस आंबवून, धुऊन, बी राखेत घोळून शेणाबरोबर चुलीमागच्या भिंतीवर थापले जाई. धुरामुळे कीड लागत नसे. पुढच्या पावसात आळ्यात पडायचे. शेजारणी येत, भिंतीवरून नखाने चार बिया खरवडून नेत. या देवघेवीची नोंद कुठल्याही दप्तरात नाही. २००१च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि एकमेकांना देण्याचा हक्क लिहून दिला तेव्हा प्रथम ती कागदावर आली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी वाण राखल्याबद्दल पद्मश्री मिळाली, तेव्हा मला त्या भिंतीचीच आठवण झाली.

बाकी भिंती गेल्या. काँक्रीटवर शेण थापता येत नाही. मीही आता काचेच्या बरणीत बी ठेवतो. दुकानात पुडीवर नाव असते 'पूना खिरा'. पुण्यात ज्याला कोणी खिरा म्हणत नाही, त्याला पुण्याचे नाव! कर्नाटकात आणि तमिळनाडूत कंत्राटावर बोटाएवढ्या गर्किन काकड्या पिकवतात. २०२०-२१ साली काकडी आणि गर्किन मिळून सव्वादोन लाख टनांच्या आसपास माल देशाबाहेर गेला. शेतकरी ते स्वतः सहसा खात नाही, आणि बी त्याला कंपनीच देते.

दुसऱ्या एका पुडीवर नाव असते 'पॉइनसेट'. तिची कुळकथा मी शोधून काढली. काकडीच्या पानांवर केवडा पडला की आठवड्यात वेल जळतो. अमेरिकेच्या दक्षिणेतले मळे त्याने उद्ध्वस्त होत. तिथल्या सरकारी बीजसंग्रहात भारतातून गेलेला एक नमुना होता, क्रमांक १९७०८७. त्याला केवडा बाधत नव्हता. दक्षिण कॅरोलिनातील क्लेमसनच्या संशोधकांनी त्याचा संकर करून १९६६ साली पॉइनसेट हे वाण बाहेर काढले. ते तिकडे गाजले, मग इकडे आले, आणि आपल्या कृषिखात्याच्या शिफारशीत जाऊन बसले. अमेरिकेत पुढे जवळजवळ चाळीस वर्षे हा गुण असंख्य वाणांत पुरला. २००४ साली केवड्याचे नवे रूप आले आणि त्यापुढे तो लंगडा पडला. संशोधक पुन्हा त्याच संग्रहाकडे वळले. शेकडो नमुने शेतात लावून पाहिले. नव्या केवड्यापुढे जे थोडे टिकले, त्यांत अग्रभागी होता भारतातूनच गेलेला, त्याच कपाटातला, अगदी पुढच्या क्रमांकाचा नमुना: १९७०८८.